सोसायटीच्या कपाटासाठी दहा नवी पुस्तकं सुचवा (वाचून पूर्ण होतील अशी)

मोगरा
मंडळी, नमस्कार. इमारतीच्या तळमजल्यावर एक काचेचं कपाट आहे. त्यात सगळ्यांसाठी पुस्तकं ठेवायचं ठरलंय. पहिल्या खेपेला दहा पुस्तकं, हाताशी तीन हजार रुपये. वाचणारे सातवीतल्या मुलांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत. पुलं, वपु, 'मृत्युंजय', 'स्वामी' घरोघरी आहेत, ती नकोत. शक्यतो गेल्या दहा-बारा वर्षांतली हवीत, आणि कादंबरी, कथा, इतिहास, भय, रहस्य, विज्ञान असं सगळं थोडं थोडं हवं. मुख्य अट एकच: सुट्टीत किंवा रात्री जेवणानंतर हातात घेतलेलं पुस्तक शेवटापर्यंत जायला हवं. साहित्य अकादेमी पुरस्कारांची गेल्या पाच-सहा वर्षांची यादी सरळ घेतली तर चालेल का?

निळी शाई
सरळ घेऊ नका. यादी उत्तम आहे, पण ती साहित्यप्रकार मिसळून दिलेली असते आणि विकत घेताना ते लक्षात येत नाही. मराठीपुरतं बघा. २०१८ ला म. सु. पाटील यांचं 'सर्जनप्रेरणा आणि कवित्वशोध' होतं, ती समीक्षा. २०१९ ला अनुराधा पाटील यांचं 'कदाचित अजूनही', कविता. २०२० ला नंदा खरे यांची 'उद्या' ही कादंबरी, त्यांनी पुरस्कार नाकारला ती गोष्ट वेगळी. २०२१ ला किरण गुरव यांच्या कथा, 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'. २०२२ ला प्रवीण बांदेकर यांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या', २०२३ ला कृष्णात खोत यांची 'रिंगाण', दोन्ही कादंबऱ्या. २०२४ ला सुधीर रसाळ यांचं 'विंदांचे गद्यरूप', पुन्हा समीक्षा. म्हणजे सात पुस्तकांत दोन समीक्षेची. कपाटात ती ठेवली तर मराठीचे प्राध्यापक सोडून कुणी उघडणार नाही, आणि त्यात पुस्तकाचा काही दोष नाही.

दुसरी गोष्ट, पुरस्काराचं वर्ष म्हणजे पुस्तकाचं वर्ष नव्हे. लगतचं वर्ष सोडून आधीच्या पाच वर्षांत पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पुस्तकं विचारात घेतात. 'उद्या' २०१४ चं आहे. 'नवं' हवं असेल तर श्रेयपानावरचं पहिल्या आवृत्तीचं साल बघा.

तुमच्या कामाची यादी अकादेमीच्याच युवा पुरस्काराची आहे. लेखक पस्तिशीच्या आतले, पुस्तकं बहुधा सडपातळ. २०१८ 'फेसाटी' (नवनाथ गोरे), २०२१ 'काळेकरडे स्ट्रोक्स' (प्रणव सखदेव), २०२४ 'उसवण' (देविदास सौदागर), २०२५ 'खोल खोल दुष्काळ डोळे' (प्रदीप कोकरे). चारही कादंबऱ्या.

गोदाकाठ
'उसवण' पहिल्या क्रमांकावर घ्या. देशमुख आणि कंपनीनं काढलंय, सव्वाशेच्या आसपास पानं. विठू नावाचा शिंपी, आणि रेडिमेड कपड्यांनी हळूहळू गिळलेला त्याचा धंदा. एवढाच विषय, पण पकड अशी की मध्ये कुठे ठेवता येत नाही. यात शिलाईचं काम नुसतं पार्श्वभूमीला नाही. माप, कापड, काज-बटण, सणासुदीची गर्दी, उधारी, मशीनचा आवाज हे सगळं कथेचं हाडमांस आहे. नावच बघा: शिवण उसवते तेव्हा एकदम फाटत नाही, एक टाका सुटतो, मग शेजारचा. कादंबरी तशीच पुढे जाते.

वेळेचा हिशोबही देतो, कारण कपाटातलं पुस्तक ठरलेल्या मुदतीत परत यायला लागतं. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या पानावर साधारण तीस ओळी, ओळीला नऊ-दहा शब्द. सवयीच्या वाचकाला पानाला दोन मिनिटं लागतात, तासाला तीस पानं. म्हणजे 'उसवण' चार तासांचं पुस्तक. रोज अर्धा तास दिला तरी आठ दिवसांत परत.

त्याच्याच जोडीला मनोज बोरगावकर यांची 'नदीष्ट' (ग्रंथाली, २०१९). नांदेडची गोदावरी, तिच्यात रोज पोहणारा निवेदक, आणि नदीच्या काठावर त्याला भेटणारी माणसं. समाजानं बाजूला टाकलेली माणसं आहेत, पण दयेनं लिहिलेली नाहीत. ही मात्र सलग वाचू नका. रोज वीस-पंचवीस पानं. एकदम वाचली तर पाण्याची वर्णनं एकसारखी वाटायला लागतात, थांबून वाचली तर प्रत्येक वेळी पाणी वेगळं दिसतं.

मोगरा
आभार दोघांचे. एक शंका आहे. 'रिंगाण' आणि 'फेसाटी' बोलीत आहेत ना? मुंबईत वाढलेल्या मुलामुलींना जमेल का? दहा पानांवर सोडून देतील अशी भीती वाटते.

मोटेचं पाणी
मोगराताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. बोलीतली पुस्तकं अर्धवट सुटतात ती बहुतेक पहिल्या वीस पानांत, आणि कारण शब्द कळत नाहीत हे नसतं. डोळा प्रमाण मराठीच्या वेगानं धावतो आणि अडखळतो, हे खरं कारण. उपाय साधा आहे.

पहिली पंधरा-वीस पानं मोठ्यानं वाचायची. ओठ हलवून का होईना, पण आवाजात. 'गेलतो', 'केल्तं', 'हाय', 'न्हाई', 'करत्यात' हे कागदावर अनोळखी दिसतं. कानावर पडलं की 'गेलो होतो', 'करतात' आपोआप उमगतं, कारण हे शब्द आपण एसटीत, बाजारात, सिनेमात ऐकलेले असतात. तासाला तीस पानांचा वेग इथे पंधरावर येणार हे आधीच धरून चालायचं. विसाव्या पानानंतर वेग परत येतो.

दुसरं, अडलेल्या शब्दाला थांबायचं नाही. अवजारं, जनावरांचे रंग, गवताच्या जाती, जमिनीचे प्रकार यांची नावं अडतातच. बारीक पेन्सिलीनं समासात टिंब करून पुढे जायचं. तोच शब्द तिसऱ्यांदा आला की अर्थ संदर्भातून लागतो. पहिल्याच वेळी शब्दकोश उघडला तर वाक्याची लय मोडते आणि बोलीत सगळी मजा लयीचीच असते.

तिसरं, दोघांनी मिळून वाचायचं. आजोबा कोल्हापूर-सांगलीकडचे असतील तर त्यांनी पहिलं प्रकरण नातवाला वाचून दाखवावं. पुढचं तो स्वतः वाचेल.

आता पुस्तकांविषयी. 'रिंगाण' मध्ये धरणामुळे उठवलेलं गाव आहे, आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस आणायला परत गेलेला देवाप्पा आहे. माणसाळलेलं जनावर रानटी होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते यात पावलापावलानं दिसतं. कथा सरळ आहे, माणूस आणि जनावर समोरासमोर, त्यामुळे बोली अडली तरी गोष्टीचा धागा हातातून सुटत नाही. म्हणून पहिल्यांदा बोलीतलं पुस्तक हातात घेणाऱ्याला मी 'रिंगाण' देईन. 'फेसाटी' जत तालुक्यातल्या बोलीत आहे, शिकू पाहणाऱ्या गरीब घरच्या पोराची गोष्ट, आणि ती प्रसंगांची साखळी आहे. तिला दुसऱ्या खेपेला ठेवा.

पानोपानी
मोटेदादांच्या म्हणण्यात एक भर. 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' मध्ये अडचण भाषेची नाही, रचनेची आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे, तिचा आधार घेऊन लिहिलेली कादंबरी. गोष्ट तुटक येते, निवेदनं एकमेकांत मिसळतात. जेवणानंतर अर्धा-अर्धा तास वाचून हिचा धागा लागत नाही, दर वेळी दहा पानं मागे जावं लागतं. रविवारची मोकळी दुपार असेल तरच घ्यावी. कादंबरी फार चांगली आहे, पण तुमच्या अटीत बसत नाही.

निळी शाई
सहमत. आणि याच्या बरोबर उलट, 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' घेताना लोक 'कथासंग्रह आहे, रोज एक वाचू' म्हणतात. यातल्या कथा दीर्घ आहेत. शीर्षककथा खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या पोराची. दीर्घकथा मध्येच ठेवली तर तिची हवा जाते. एका बैठकीत एक कथा, मध्ये दोन दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरी. जयंत पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' लाही हेच लागू. गिरणगाव आणि गिरण्या गेल्यानंतरची मुंबई समजून घ्यायची असेल तर त्याला पर्याय नाही. २०१२ चा अकादेमी पुरस्कार आहे, म्हणजे तुमच्या बारा वर्षांच्या थोडं बाहेर जातंय, पण मुंबईतल्या कपाटात ते नसणं मला पटणार नाही.

मोगरा
टिपून घेतलं. आता आजोबांसाठी इतिहास सुचवा. शिवकाळ आणि पानिपतावरची नेहमीची पुस्तकं त्यांची वाचून झाली आहेत. आणि कॉलेजच्या मुलांचा भयकथांसाठी हट्ट आहे.

बखरनवीस
इतिहासाचं मी घेतो.

पहिलं नाव 'अंताजीची बखर', नंदा खरे. पुस्तक अगदी नवं नाही, पण नेहमीची पुस्तकं वाचून झालेल्या माणसाला हेच द्यावं. अठराव्या शतकातला अंताजी खरे स्वतःच्या तोंडानं सांगतो. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या, ज्यांची तिकडे आजही 'बोर्गी' म्हणून अंगाईत आठवण आहे, आणि १७५७ ची प्लासी. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्या गडावरून आणि दरबारातून दिसतात. ही छावणीतून, सामान्य माणसाच्या नजरेतून दिसते. पुढचा भाग 'बखर अंतकाळाची'. दोन्ही एकदम घेऊ नका, पहिला फिरला की दुसऱ्याची मागणी येईलच. वाचताना भारताचा नकाशा शेजारी ठेवा. नागपूर ते मुर्शिदाबाद हे अंतर डोळ्यांपुढे नसेल तर स्वारी म्हणजे काय प्रकार होता ते कळत नाही.

दुसरं 'तांडव', महाबळेश्वर सैल, राजहंस प्रकाशन. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातलं धर्मांतर. गोव्याला आपण सगळे जातो, पण तिथली देवळं नदीपलीकडे का गेली, एकाच कुळाची दोन आडनावं कशी झाली, हे ठाऊक नसतं. विषय कठोर आहे, छळाचे प्रसंग आहेत. सातवीतल्या मुलांच्या हाती नको.

रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) कुणी ना कुणी सुचवेलच. एका कुळाच्या अनेक शतकांतल्या पिढ्या, आठशेच्या घरात पानं. वर दिलेल्या हिशोबानं सव्वीस-सत्तावीस तास. कपाटासाठी घेतली तर महिनाभर एकाच घरी राहणार, आणि दहापैकी दोन पुस्तकांचे पैसे तिच्यात जाणार. ती स्वतःच्या घरी घ्यायची कादंबरी आहे. घेतलीच तर पहिल्या कोऱ्या पानावर वंशावळ लिहीत जा: नाव, बाप, गाव, काळ. शंभर पानांनंतर कोण कुणाचा पणजोबा हे त्याशिवाय आठवत नाही.

कंदील
भयकथांसाठी सध्या हृषीकेश गुप्ते. कॉलेजच्या मुलांना आधी 'अंधारवारी' किंवा 'घनगर्द' द्या. दोन्ही कथांची आहेत, एकेक कथा सुटी वाचता येते. 'दंशकाल' ही त्यांची मोठी कादंबरी, ताकदीची आहे, पण तिला निव्वळ भयकादंबरी समजून घेऊ नका. घर, कुटुंब, लैंगिकता, हिंसा सगळं त्यात आहे. कपाट सगळ्यांना खुलं आहे म्हणून सांगतो, भयकथा वरच्या फळीवर ठेवा आणि आतल्या पानावर 'सोळा वर्षांपुढील वाचकांसाठी' अशी चिठ्ठी लावा.

नारायण धारप यांची पुस्तकं साकेत प्रकाशनानं नव्यानं काढली आहेत. लेखन जुनं आहे, तरी मुलांना आवडतं, कारण धारप आधी घर नीट उभं करतात. जिना, दिवा, बंद खोली, विहीर यांची जागा पक्की झाली की मगच काहीतरी हलतं. भयकथा फसते ती इथेच. पहिल्याच पानावर भूत आणलं की वाचकाला हरवण्यासारखं काही उरत नाही. एक वाचा आणि मग गुप्ते वाचा, तीस-चाळीस वर्षांत मराठी भय कुठून कुठे आलं ते कळेल.

एक सूचना मनापासून: भयकथा प्रवासात वाचू नका. लोकलच्या आवाजात आणि दर तीन मिनिटांनी येणाऱ्या स्टेशनात ती मरते.

सोनचाफा
प्रवासासाठी मग रहस्यकथा. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा मराठीत अशोक जैन यांनी आणलाय, रोहन प्रकाशनाचा बारा पुस्तकांचा संच आहे. सुटी पुस्तकंही मिळतात, पातळ आहेत, पिशवीत मावतात. एक तरी वेरूळच्या कैलास लेण्याभोवतीचं घ्या, लेणं पाहिलेल्या मुलांना जागा ओळखीची वाटते आणि वाचताना ती स्वतः तपास करायला लागतात. अनुवाद वाहता आहे, बंगाली नात्यांची हाक तशीच ठेवली आहे, त्यामुळे 'दा' आणि 'बाबू' यांची दोन पानांत सवय होते. सातवी ते सत्तरी, सगळ्यांना चालेल असं एकच पुस्तक घ्यायचं तर हे.

मुलांसाठी आणखी दोन. भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४ चा बालसाहित्य पुरस्कार), रहस्य आणि साहस. संगीता बर्वे यांचं 'पियूची वही' (२०२२ चा बालसाहित्य पुरस्कार), रोजनिशीच्या रूपातलं, पाचवी-सहावीच्या मुलांना झेपेल. पियू वाचली की मुलं स्वतःची वही मागतात, ती आणून ठेवा.

पैसे वाचवायचे असतील तर बालभारतीचं 'किशोर' मासिक. १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. जुन्या अंकांतल्या चार-पाच कथा छापून, स्पायरल बांधून ठेवल्या की कपाटात एक पुस्तक फुकट वाढतं.

पानोपानी
'उद्या' कुणी सुचवलेलं नाही. भविष्यातला भारत, माणसांवर सतत नजर ठेवणाऱ्या कंपन्या, कमी झालेल्या मुली. २०१४ मध्ये लिहिलेलं, आणि फोन हातात घेतला की आज खरं वाटतं.

कंदील
पानोपानी, 'उद्या' चांगलंच आहे, पण विरंगुळ्यासाठी? अनेक सूत्रं समांतर चालतात, माहिती दाट आहे. मी तरी पहिल्या दहात घेणार नाही.

पानोपानी
दाट आहे म्हणूनच म्हणते. तरुण मुलांना विज्ञानकथा म्हटलं की यान आणि परग्रहच आठवतं. आपल्याच गावा-शहरांतलं पुढचं चित्र मराठीत दुसरं कुठे आहे? वाचायची युक्ती अशी: कोरा कागद घ्या, पात्र पहिल्यांदा आलं की नाव आणि गाव लिहा. पन्नास पानांत कागद भरतो, पुढे त्याची गरज पडत नाही. हो, सातवीच्या मुलांना नको हे मान्य.

त्यांच्यासाठी जयंत नारळीकर. 'यक्षांची देणगी' कथांचं, 'प्रेषित' कादंबरी. त्यांची उजव्या सोंडेच्या गणपतीची प्रसिद्ध कथा वाचायच्या आधी हे करून बघा. कागदाची तीन सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर लांब पट्टी कापा. एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोकं चिकटवा. आता पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढत जा. रेघ दोन्ही बाजूंना उमटून सुरुवातीला येऊन मिळते, म्हणजे पट्टीला बाजू एकच. हीच मोबियसची पट्टी. मग डावं-उजवं कसं बदलू शकतं ते कथेत वाचायचं. पट्टी हातात असली की आठवीतलं पोरही कथा दुसऱ्याला समजावून सांगतं.

बखरनवीस
कथा-कादंबऱ्या न वाचणारे काही जण प्रत्येक इमारतीत असतात. त्यांच्यासाठी गिरीश कुबेर यांचं 'टाटायन' (राजहंस). जमशेटजींनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली तिथपासून पुढचा पसारा, गोष्टीसारखा सांगितलेला. जाड आहे, पण प्रकरणं सुटी वाचता येतात. त्यांचंच 'हा तेल नावाचा इतिहास आहे' पेट्रोलचे भाव वाढले की सगळ्यांना हवं असतं.

शरद बाविस्कर यांचं 'भुरा' (लोकवाङ्मय गृह, २०२१) तरुणांसाठी जरूर घ्या. दहावीत इंग्रजीत नापास झालेला धुळ्याकडचा मुलगा पुढे दिल्लीत फ्रेंच शिकवतो, त्याचं आत्मकथन. मधल्या भागात तत्त्वज्ञानाची चर्चा येते. तिथे कंटाळा आला तर पाच-सहा पानं पुढे जा, गोष्ट परत सापडते. 'सेपियन्स' चा वासंती फडके यांचा मराठी अनुवाद डायमंडनं काढलाय, तोही चांगला, पण इंग्रजीतून वाचणारे घरात असतील तर त्यावर पैसे घालू नका.

सोनचाफा
आणि 'सत्तांतर'! व्यंकटेश माडगूळकर. १९८३ चा अकादेमी पुरस्कार, म्हणजे नवं नाही, पण एका संध्याकाळचं पुस्तक आहे आणि आजच्या मुलांच्या घरी ते नसतं. वानरांच्या टोळ्या, त्यांची हद्द, सत्तेची मारामारी. माणूस जवळजवळ नाहीच.

फर्मा १६
यादी छान जमली आहे. आता खरेदीचं बोलतो, कारण तीन हजारांतले दोनशे-तीनशे इथेच वाया जातात.

छोट्या प्रकाशकांची आवृत्ती साधारण हजाराच्या आतबाहेर असते. संपली की पुढची कधी येईल सांगता येत नाही. म्हणून 'उसवण', 'नदीष्ट', 'रिंगाण', 'बाळू' यांची मागणी आधी नोंदवा. राजहंस, रोहन, साकेत यांची पुस्तकं नंतरही मिळतात.

हातात आल्यावर नाव टाकायच्या आधी प्रत्येक पुस्तक तपासा. पुस्तक एकेक पानानं बांधत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं छापून घड्या घालतात, तो एक फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून बांधणी होते. त्यात चूक झाली तर ती सोळाच्या हिशोबानं होते: पान ६४ नंतर एकदम ८१, किंवा ६५ ते ८० दोनदा, किंवा एक फर्मा उलटा. म्हणून सगळी पानं उलटायची गरज नाही. दर सोळाव्या पानाच्या सांध्याला, १६-१७, ३२-३३, ४८-४९, असा अंगठ्यानं आकडा बघत जा. दोनशे पानांच्या पुस्तकाला एक मिनिट लागतं. गळालेला फर्मा दिसला तर बिलासह लगेच परत करा, विक्रेते बदलून देतात. नाव किंवा शिक्का टाकलेली प्रत बदलून मिळत नाही.

मग कणा बघा. नुसत्या गोंदानं चिकटवलेलं पुस्तक पहिल्यांदा उघडताना मधोमध दाबून सपाट केलं की कणा तडकतो आणि वीस घरी फिरल्यावर पानं हातात येतात. नवं पुस्तक उघडायची रीत अशी: कणा टेबलावर टेकवा, आधी दोन्ही मुखपृष्ठं खाली पाडा, मग पुढून दहा पानं, मागून दहा पानं, आलटून पालटून मध्यापर्यंत, प्रत्येक वेळी सांध्यावरून बोट हलकं फिरवत. गोंदाला सगळीकडे सारखा ताण बसतो.

रस्त्यावरच्या अर्ध्या किमतीच्या नव्या कोऱ्या प्रती घेऊ नका. जुनी पुस्तकं जरूर घ्या, चोरछपाईची नकोत. ओळखायची खूण म्हणजे मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं पुसट दिसतात, कागद इतका पातळ की मागच्या पानाच्या ओळी आरपार येतात, आणि अनुस्वार-रफार जागोजागी तुटलेले. मराठीत अनुस्वार गेला की अर्थच बदलतो. हजाराच्या आवृत्तीवर जगणाऱ्या लेखक-प्रकाशकाचं त्यात सरळ नुकसान आहे.

मोटेचं पाणी
आजोबांची नजर कमी असेल तर ई-पुस्तकाचा विचार करा. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीपासून आहेत आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मात्र पुस्तक पीडीएफ असेल तर अक्षर वाढत नाही, अख्खं पान वाढतं आणि ओळ पडद्याबाहेर जाते. घेण्याआधी नमुन्याची पानं उतरवून अक्षर मोठं करून बघा. बोलीतली पुस्तकं ऐकायला मिळाली तर पहिलं प्रकरण ऐका आणि पुढचं वाचा. वर सांगितलेलं मोठ्यानं वाचायचं काम दुसऱ्यानं केल्यासारखं होतं.

मोगरा
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलेली यादी अशी: 'उसवण', 'नदीष्ट', 'रिंगाण', 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी', 'अंताजीची बखर', 'टाटायन', 'अंधारवारी' (वरच्या फळीवर, चिठ्ठी लावून), फेलूदाचं वेरूळवालं, 'समशेर आणि भूतबंगला', 'यक्षांची देणगी'. 'फिनिक्स', 'भुरा', 'तांडव', 'सत्तांतर', 'उद्या' दुसऱ्या खेपेला. 'किशोर' मधल्या कथा छापायला आजच घेते. दहा पुस्तकं, वीस कुटुंबं, परतीची मुदत किती ठेवू?

गोदाकाठ
सरसकट एक मुदत ठेवू नका. दीडशे पानांच्या आतल्याला दहा दिवस, तीनशेपर्यंत तीन आठवडे, 'टाटायन' ला पाच आठवडे. मुदतीचा आकडा पुस्तकाच्या आतच पेन्सिलीनं लिहा. आणि 'उसवण' च्या दोन प्रती घ्या. पातळ पुस्तक सगळ्यांना आधी हवं असतं आणि वाचलेला माणूस लगेच बोलायला लागतो. एकच प्रत असली तर बोलायला समोर कुणी नसतं.

मोगरा
पटलं. मग 'उसवण' दोन, 'टाटायन' पुढच्या खेपेला. चार छोट्या प्रकाशकांची मागणी आज संध्याकाळीच नोंदवते.

फर्मा १६
नोंदवताना दोन्ही प्रती एकाच पार्सलमध्ये मागवा, टपालखर्च एकदाच पडेल. आणि आल्या की दर सोळा पानांचा सांधा दोन्हींचा वेगवेगळा बघा. एक चांगली निघाली म्हणून दुसरी तशीच ठेवू नका.